गुन्हेगार सीमा ओलांडतो, यादी ओलांडत नाही

ऑगस्ट २००८ मध्ये बँकॉकच्या विमानतळावर चौसष्ट वर्षांचा एक ब्रिटिश नागरिक अडकून पडला होता. व्हिएतनामच्या तुरुंगातून सुटून तो मायदेशी निघाला होता. पण बँकॉकला उतरल्यावर लंडनच्या विमानात बसायला तो तयार होईना. थायलंडने त्याला देशात पाऊल ठेवू दिले नाही. तेथून तो हाँगकाँगला गेला, तेथेही दार बंद! पुन्हा बँकॉक आणि अखेर लंडन. या गृहस्थाचे नाव गॅरी ग्लिटर. सत्तरच्या दशकात त्याच्या गाण्यांवर ब्रिटनमधील तरुणाई नाचत होती. लहान मुलांची अश्लील छायाचित्रे बाळगल्याबद्दल १९९९ मध्ये ब्रिटनमधील न्यायालयाने त्याला चार महिन्यांची शिक्षा दिली. शिक्षा भोगून तो बाहेर पडला आणि कंबोडियात गेला. कंबोडियाने २००२ मध्ये त्याला हाकलले, तेव्हा तो व्हिएतनाममध्ये स्थिरावला. तेथे दहा आणि अकरा वर्षांच्या दोन मुलींवरील अत्याचाराबद्दल २००६ मध्ये त्याला तीन वर्षांची कैद झाली.

थायलंड आणि हाँगकाँगने त्याला रोखले याचे कौतुक झाले. मात्र या कौतुकात एक गोष्ट निसटली. हा मनुष्य प्रसिद्ध होता. त्याचे छायाचित्र जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आले होते. विमानतळावरच्या शिपायालाही तो कोण हे ठाऊक होते. ज्याचे छायाचित्र कोणी छापलेले नाही, जो एखाद्या छोट्या गावातील शिक्षक, निवृत्त अधिकारी किंवा दुकानदार आहे, ज्याने आपल्या देशात अशाच गुन्ह्याची शिक्षा भोगली आहे आणि जो आता सुट्टीसाठी किंवा 'सेवेसाठी' पूर्वेकडे निघाला आहे, त्याला कोण रोखणार? व्हिएतनाममधील त्या दोन मुलींचे दुर्दैव असे की, प्रसिद्ध माणूससुद्धा १९९९ ते २००५ अशी सहा वर्षे देशोदेशी मोकळा फिरू शकला. अप्रसिद्ध माणसाची तर गोष्टच सोडा.

हा प्रश्न दूरच्या कंबोडिया-व्हिएतनामचा आहे असे वाटत असेल, तर मडगावचे प्रकरण आठवावे लागेल. १९९१ मध्ये गोव्याच्या पोलिसांनी फ्रेडी पीट्स नावाच्या इसमाला अटक केली. अनाथ आणि गरीब मुलांचा पालनकर्ता म्हणून तो त्या परिसरात ओळखला जात होता. त्याच्या घरातून २,३०५ छायाचित्रे आणि निगेटिव्हच्या १३५ पट्ट्या जप्त झाल्या. ज्या मुलांना आसरा दिला म्हणून लोक त्याला मान देत होते, त्याच मुलांना तो परदेशी पाहुण्यांच्या हवाली करत होता. मार्च १९९६ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. २००५ मध्ये तो तुरुंगातच मेला. त्याने आपल्या त्या वसतिगृहाला नाव काय दिले होते? 'गुरुकुल'! ज्या शब्दाशी आपल्या परंपरेने आचार्य आणि शिष्य यांचे सर्वांत पवित्र नाते जोडले, तोच शब्द त्याने दारावर पाटी म्हणून लावला. पाटीवरचा शब्द पाहून निर्धास्त होण्याची समाजाची सवय त्याने नेमकी हेरली होती.

पीट्सला शिक्षा झाली, पण त्याचे पाहुणे? ते आपापल्या देशांत सुखरूप परतले होते. त्यांच्या मागे गोव्याचे पोलीस आणि केंद्रीय अन्वेषण विभाग वर्षानुवर्षे धावत राहिले. एकाला ऑस्ट्रेलियातून आणून येथे शिक्षा देता आली. एका ब्रिटिश आरोपीच्या बाबतीत मात्र त्याच्या मानसिक स्थितीचे कारण पुढे आले आणि तेथील न्यायालयाने प्रत्यार्पण नाकारले. ज्या मुलांनी न्यायाची वाट पाहिली, ती एव्हाना पन्नाशीकडे झुकली आहेत.

मुंबईची कथाही वेगळी नाही. कुलाबा आणि मुरुड येथे रस्त्यावरील मुलांसाठी 'अँकरेज' नावाची निवारागृहे चालत. ती काढणारा डंकन ग्रँट आणि त्याचा सहकारी अॅलन वॉटर्स हे दोघेही ब्रिटिश नौदलात काम केलेले. २००१ मध्ये गुन्हा दाखल झाला तेव्हा दोघेही भारताबाहेर होते. वॉटर्सला २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर पकडून पुढच्या वर्षी भारतात आणण्यात आले. ग्रँट टांझानियातून २००५ मध्ये परतला. मार्च २००६ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सहा वर्षांची सक्तमजुरी दिली. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा पुन्हा कायम केली. गुन्हा दाखल झाल्यापासून दहा वर्षे! त्याच मुंबईत डिसेंबर २००० मध्ये पकडलेले एक वृद्ध स्विस दांपत्य २००३ मध्ये दोषी ठरले आणि पुढे जामिनावर असताना देश सोडून निघून गेले.

या तिन्ही प्रकरणांत गुन्हा घडून गेल्यानंतर यंत्रणा हलली. प्रत्यार्पण, जामीन, अपील, फेरअपील ही सारी धावपळ मुलाचे जे व्हायचे ते होऊन गेल्यानंतरची. म्हणून विचार करायचा तो त्याआधीच्या क्षणाचा, म्हणजे विमान उतरते आणि पारपत्रावर शिक्का पडतो त्या क्षणाचा. त्या क्षणी समोरच्या अधिकाऱ्याला त्या प्रवाशाविषयी काय ठाऊक असते?

पाश्चात्त्य देशांनी आपल्या मुलांसाठी या प्रश्नाचे उत्तर केव्हाच शोधले आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात १९९४ मध्ये मेगन नावाच्या सात वर्षांच्या मुलीची शेजाऱ्यानेच हत्या केली. हा शेजारी मुलांवरील अत्याचारांसाठी याआधी दोनदा शिक्षा झालेला होता आणि मेगनच्या आईवडिलांना त्याची गंधवार्ताही नव्हती. त्यातून उसळलेल्या संतापाने कायदा घडवला. शिक्षा भोगून सुटलेल्या अशा गुन्हेगाराने आपला पत्ता पोलिसांकडे नोंदवायचा, पत्ता बदलला तर कळवायचे आणि ही माहिती नागरिकांना उपलब्ध असायची, असा तेथील नियम झाला. ब्रिटनने १९९७ मध्ये स्वतःची नोंदवही सुरू केली. तेथे ही माहिती सर्वसामान्यांसाठी उघडी नसते, ती पोलिसांपुरती असते. पण नोंद मात्र सक्तीची.

आता या व्यवस्थेचा परिणाम पाहावा. ज्याचे नाव नोंदवहीत आहे, त्याला लंडनमध्ये किंवा शिकागोत मुलांच्या शाळेत नोकरी मिळत नाही, शेजारी आणि पोलीस दोघांची नजर त्याच्यावर असते. अशा माणसाला हवी असते ती जागा जिथे त्याचे नाव कोणाला माहीत नाही, जिथे मुले गरीब आहेत, जिथे गोऱ्या कातडीला आपोआप मान मिळतो आणि पोलीस ठाण्यात जाण्यापूर्वी आईबाप दहादा विचार करतात. श्रीमंत देशाने आपले अंगण झाडले की कचरा कोठे जातो, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. स्वतःच्या मुलांसाठी नोंदवही आणि दुसऱ्याच्या मुलांसाठी तिकीट, असा हा व्यवहार बराच काळ बिनबोभाट चालला. ब्रिटनचेच उदाहरण घ्यावे. नोंदवहीतील माणसाने परदेशी जाताना पोलिसांना कळवायचे, हा नियम आला तेव्हा आठ दिवसांहून कमी प्रवासाला सूट होती. पुढे ती मर्यादा तीन दिवसांवर आणली गेली. प्रत्येक परदेशप्रवासाची सूचना देणे बंधनकारक झाले ते २०१२ मध्ये, म्हणजे नोंदवही सुरू होऊन पंधरा वर्षे उलटल्यावर. जी अमेरिका दरवर्षी मानवी तस्करीचा अहवाल काढून भारतासह साऱ्या जगाला गुण वाटत असते, त्या अमेरिकेनेही आपल्या दोषी गुन्हेगारांच्या परदेशप्रवासाची सूचना त्या त्या देशाला देण्याचा स्वतंत्र कायदा केला तो फेब्रुवारी २०१६ मध्ये.

उशिरा का होईना, तो कायदा मोलाचा आहे हे मान्य केले पाहिजे. 'आंतरराष्ट्रीय मेगन कायदा' या नावाने तो ओळखला जातो. नोंदवहीतील गुन्हेगाराने परदेशी जाण्याच्या एकवीस दिवस आधी आपला बेत कळवायचा. मुलांविरुद्धच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या आणि नोंदवहीत असलेल्या माणसाच्या पारपत्रावरच तशी नोंद छापलेली असते. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्यातील एक केंद्र प्रवाशांच्या याद्या तपासते आणि गंतव्य देशाला सूचना धाडते. प्रवेश द्यायचा की नाही, हा निर्णय मात्र त्या देशाचा. ऑस्ट्रेलिया आणखी पुढे गेला. तेथे सुमारे वीस हजार जण बाल लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंदलेले होते आणि २०१६ या एका वर्षात त्यांतील सुमारे आठशे जण परदेशी जाऊन आले, असे तेथील सरकारनेच सांगितले. हा आकडा बाहेर आल्यावर २०१७ मध्ये कायदा झाला. नोंदवहीतील गुन्हेगाराला परवानगीशिवाय देश सोडण्यास बंदी आणि त्याचे पारपत्र रद्द करण्याची तरतूद त्यात आहे. आपला कचरा आपल्या घरात ठेवण्याची जबाबदारी कायद्याने मान्य करणारे हे पहिलेच मोठे पाऊल.

या कायद्यांवर आक्षेप आहेत आणि ते सगळेच झटकून टाकण्याजोगे नाहीत. अमेरिकेतील नोंदवहीत लाखो नावे आहेत. त्यांत किशोरवयात केलेल्या गुन्ह्यांसाठी आयुष्यभर शिक्का बसलेलेही आहेत. 'ह्यूमन राइट्स वॉच' या संघटनेने २००७ मध्ये यावर विस्तृत अहवाल काढला होता. एरवी या संघटनेचे भारताविषयीचे अहवाल वाचून कोणाही राष्ट्रप्रेमी माणसाच्या कपाळावर आठ्या पडाव्यात. परंतु या अहवालातील एक मुद्दा रास्त होता. यादी जितकी फुगते, तितका खरा धोकादायक माणूस तिच्यात हरवतो. शिवाय संशयिताला, नुसत्या आरोपीला किंवा शेजाऱ्याच्या द्वेषातून गोवलेल्याला अशा यादीत टाकणे म्हणजे अन्याय होय. म्हणून यादी असावी ती न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांची, मुलांविरुद्धच्या गंभीर गुन्ह्यांची आणि पोलिसांच्या हातातली. चौकात लावण्याची नव्हे. मात्र शिक्षा भोगली म्हणजे हिशेब संपला, आता त्याच्या खासगी आयुष्यात डोकावू नका, हा युक्तिवाद मुलांच्या बाबतीत टिकत नाही. बँकेत अफरातफर करून शिक्षा भोगलेल्या माणसाला पुन्हा तिजोरीच्या किल्ल्या कोणी देत नाही आणि त्यात त्याच्या मानवाधिकारांचा भंग झाला असेही कोणी म्हणत नाही.

आता भारताकडे वळू. २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीपेढी सुरू केली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे असलेल्या या पेढीत पहिल्याच दिवशी ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. ही माहिती केवळ तपास यंत्रणांना पाहता येते, म्हणजे अमेरिकेच्या नव्हे तर ब्रिटनच्या वाटेने जाणारी ही व्यवस्था आहे आणि ते योग्यच आहे. त्याआधी २०१२ मध्ये 'पोक्सो' कायदा आला होता, २०१९ मध्ये तो अधिक कठोर झाला. मुलांच्या अत्याचारांच्या चित्रफितींचा माग काढणाऱ्या इंटरपोलच्या माहितीपेढीशी केंद्रीय अन्वेषण विभाग २०२२ मध्ये जोडला गेला. जानेवारी २०२५ मध्ये 'भारतपोल' या व्यवस्थेने राज्यांच्या पोलिसांना इंटरपोलपर्यंत पोहोचण्याचा सरळ मार्ग दिला. पूर्वी मडगावच्या पोलीस निरीक्षकाला परदेशातील माहिती हवी असेल, तर टपालाच्या पायऱ्या चढता चढता वर्षे जात. तो काळ आता मागे पडतो आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीय नागरिकांसंबंधीचा नवा कायदाही अमलात आला आणि १९४६ चा ब्रिटिशकालीन कायदा इतिहासजमा झाला. परदेशी पाहुणा उतरला की त्याची माहिती सरकारला कळवण्याचे बंधन हॉटेलांवर आणि घरमालकांवर आहे.

म्हणजे चौकटी आहेत. उणीव आहे ती त्या एकमेकींना जोडण्याची. भारतीय व्हिसाच्या अर्जात अर्जदाराला एक प्रश्न विचारलेला असतो : मानवी तस्करी, बाल अत्याचार, महिलांविरुद्धचे गुन्हे अशा कृत्यांत तुमचा कधी सहभाग होता काय? उत्तर 'हो' किंवा 'नाही'. कोणता गुन्हेगार 'हो' म्हणेल? हा प्रश्न निरर्थक आहे असे नाही. खोटे उत्तर देणाऱ्याला पुढे हाकलण्यास तो कायदेशीर आधार ठरतो. परंतु जोवर अर्जदाराच्या देशाच्या नोंदवहीशी हे उत्तर ताडून पाहिले जात नाही, तोवर तो प्रश्न चोराला विचारलेल्या 'तू चोर आहेस का' या प्रश्नासारखाच राहील. इंटरपोलची हिरवी सूचना अशाच माणसांविषयी असते. गुन्हा केलेला आणि दुसऱ्या देशात पुन्हा करण्याची शक्यता असलेला माणूस येत आहे, असा तो इशारा असतो. मात्र ती सूचना काढायची की नाही, हे त्या माणसाच्या देशाच्या मर्जीवर. भारताने ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, रशिया, अमेरिका अशा ज्या ज्या देशांचे पर्यटक गोव्याच्या आणि कोकण-केरळच्या किनाऱ्यांवर येतात, त्या प्रत्येकाशी स्वतंत्र करार करून ही मर्जी संपवली पाहिजे. ज्याचे नाव तुमच्या नोंदवहीत आहे, तो आमच्या व्हिसासाठी अर्ज करील त्या दिवशीच आम्हाला कळले पाहिजे. व्यापाराच्या वाटाघाटींत दारूवरील आयातकराच्या टक्क्यांवर महिनोन्महिने घासाघीस होते. त्याच मेजावर हा एक मुद्दा ठेवायला कोणती अडचण आहे?

अशी मागणी करणाऱ्या देशाचे स्वतःचे हात स्वच्छ हवेत, हेही ओघाने आलेच. भारताचे पारपत्रही जगभर फिरते. १९६७ च्या पारपत्र कायद्यानुसार नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेल्या माणसाला त्यानंतरच्या पाच वर्षांत पारपत्र नाकारता येते. सहाव्या वर्षी काय? तो बँकॉकला, काठमांडूला किंवा कोलंबोला जाऊ शकतो आणि तेथील पोलिसांना आपल्या यंत्रणेकडून आपोआप काही कळत नाही. नेपाळला जायला तर पारपत्रही लागत नाही. नेपाळमधील मुलेही मुलेच आहेत. 'वसुधैव कुटुम्बकम्' हे वचन संसद भवनाच्या प्रवेशद्वारी कोरलेले आहे. आपल्या गुन्हेगाराविषयी शेजाऱ्याला सावध करणे, हा त्या वचनाचा अगदी साधा, व्यवहारातला अर्थ होय. जे आपण ऑस्ट्रेलियाकडून मागतो, ते नेपाळला आणि श्रीलंकेला न मागता दिले पाहिजे.

तरीही हे सारे करार झाले, सर्व याद्या एकमेकींना जोडल्या गेल्या, तरी एक मोठी फट राहणारच आणि ती मान्य करण्यात कमीपणा नाही. रिचर्ड हकल नावाचा ब्रिटिश तरुण २००६ ते २०१४ या काळात मलेशियात मुलांवर अत्याचार करत होता. शिक्षक, छायाचित्रकार, चर्चच्या वस्त्यांत सेवा करणारा कार्यकर्ता अशी त्याची ओळख होती. त्याने ७१ गुन्हे कबूल केले. सर्वांत लहान बाळ सहा महिन्यांचे होते. जून २०१६ मध्ये त्याला २२ जन्मठेपा झाल्या. गॅटविकच्या विमानतळावर त्याला पकडण्यापूर्वी त्याचे नाव कोणत्याही नोंदवहीत नव्हते. यादी पकडते ती आधी पकडलेल्याला. जो पहिल्यांदाच येतो किंवा जो कधी सापडलेलाच नाही, त्याला अडवायचे तर ते काम विमानतळावर होणार नाही. ते जिथे मूल झोपते, जेवते आणि शिकते त्या दारातच करावे लागेल.

आणि येथे विषय थेट आपल्या घरात येतो. देशभर सेवाकार्यांचे मोठे जाळे उभे आहे. वनवासी मुलांची छात्रावासे, सेवावस्त्यांतील अभ्यासिका, अनाथ बालकाश्रम, उन्हाळी शिबिरे यांतून हजारो मुले वाढतात आणि त्यांच्यासाठी शेकडो कार्यकर्त्यांनी आयुष्य वाहिले आहे. ही कामे विश्वासावर चालतात, आणि विश्वासाची हीच जागा पीट्ससारख्याला हवी असते. अमेरिकेहून सुट्टीत आलेला, दोन महिने मुलांना इंग्रजी शिकवण्याची इच्छा असलेला कोणी. देणगीदाराच्या ओळखीने राहायला आलेला पाहुणा. 'आपल्यातलाच आहे' म्हणून चौकशी न करता नेमलेला व्यवस्थापक. यांपैकी कोणाची कागदोपत्री पडताळणी होते? पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनी मुलांना ठेवणाऱ्या वा त्यांच्या नित्य संपर्कात असणाऱ्या प्रत्येक संस्थेवर कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीचे बंधन घातले आहे. परंतु नियमातील शब्द 'कर्मचारी' हा आहे. ज्याला पगार नाही, जो प्रेमाने आला आहे, जो चार दिवसांचा पाहुणा आहे, तो या शब्दातून निसटतो. सेवाभावी संस्थेत तर निम्मी माणसे अशीच असतात! नियम बदलेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. संस्थांना हे आजच करता येते. ब्रिटिश नागरिकाला मुलांमध्ये काम करायचे असेल, तर त्याच्या देशातील पोलीस यंत्रणा त्यासाठी खास प्रमाणपत्र देते. ते तो आणू शकतो. न आणल्यास त्याला नम्रपणे नकार देता येतो. नागपूरचा असो वा न्यू जर्सीचा, गोरा असो वा आपल्या शाखेचा जुना स्वयंसेवक, मुलाच्या खोलीपर्यंत जाणाऱ्या प्रत्येकाला हाच नियम.

काहींना हे बोचेल. घरच्या माणसावर अविश्वास कसा दाखवायचा? २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांत १२,४४७ मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातील ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला आणि निम्म्या प्रकरणांत अत्याचार करणारा माणूस मुलाच्या ओळखीचा, विश्वासाच्या जागी असलेला होता. आपली कुटुंबव्यवस्था हे आपले बलस्थान आहे, यात शंका नाही. पण ज्या घरात मुलाने 'काकांनी असे केले' म्हटल्यावर आई त्याच्या तोंडावर हात ठेवते, त्या घराने बलस्थानाच्या गोष्टी सांगू नयेत. संस्थेचेही तसेच. नावाला धक्का लागेल म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवणारा संस्थाचालक पुढच्या मुलाचा बळी देत असतो. पोक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा ठरवला आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदली करून, समज देऊन, 'पुन्हा असे करणार नाही' असे लिहून घेऊन सोडलेला माणूस कोणत्याही यादीत येत नाही. न्यायालयापर्यंत प्रकरण गेले, शिक्षा झाली, तरच त्याचे नाव राष्ट्रीय माहितीपेढीत चढते. आणि तेथे चढले तरच ते एक दिवस काठमांडूच्या किंवा कोलंबोच्या विमानतळावरील अधिकाऱ्याला दिसू शकते. मडगाव-मुंबईच्या मुलांसाठी जगाकडे जे मागायचे, त्याची पहिली नोंद आपल्याच तालुक्याच्या पोलीस ठाण्यात होणार आहे.

गोव्याने याबाबतीत एक वाट आधीच घालून दिली आहे. पीट्स प्रकरणाचे चटके सोसलेल्या त्या छोट्या राज्याने २००३ मध्ये स्वतंत्र बाल कायदा केला. कुटुंबीय किंवा नातेवाईक यांच्यासह नोंदणी असल्याशिवाय कोणत्याही मुलाला हॉटेलच्या खोलीत प्रवेश देता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. छायाचित्रे धुवून देणाऱ्या स्टुडिओंवरही मुलांची अश्लील छायाचित्रे आढळल्यास पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले गेले. मुलांवरील गुन्ह्यांसाठी वेगळे न्यायालय स्थापन झाले. हॉटेलच्या स्वागतकक्षातील मुलगा, फोटो स्टुडिओतील कारागीर ही साधी माणसे. पण कायद्याने त्यांना पहारेकरी केले. कॅमेऱ्याची फीत आता कोणी धुवायला देत नाही, सारे काही मोबाइलमध्येच राहते. हॉटेलांचे मात्र तसे नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगडच्या किनाऱ्यांवर गेल्या काही वर्षांत घरोघरी न्याहारी-निवासाची सोय झाली आहे, मालवण-तारकर्लीला परदेशी पाहुणे येऊ लागले आहेत. गोव्यातील हॉटेलमालकाला जे बंधन दोन दशकांहून अधिक काळ आहे, ते बांदा ओलांडून इकडे आल्यावर लागू होत नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळात या विषयावर सदस्यांनी प्रश्न विचारावा आणि गोव्याच्या कायद्यातील ते एक कलम जसेच्या तसे उचलावे. त्यासाठी कोणत्याही परदेशाशी करार करावा लागणार नाही.